थावरचं तेल

दुपार कलायला आली तरी धापू तेलाच्या फेरीला आली नाही, म्हणून बायकाच वाट्या घेऊन तिच्या दारात गेल्या. जेठातली दुपार होती. वाळू अशी तापलेली की शेळ्यासुद्धा खेजडीच्या सावलीतून पाय बाहेर काढत नव्हत्या. माझं घर धापूच्या घरासमोर, मध्ये फक्त उंटगाडीची वाट. मी ओसरीवर बसलो होतो, त्यामुळे जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, तेवढं मात्र लक्षात ठेवावं.

"धापू, ए धापू. मेलीस का आत?" हरजी पटेलाची बायको पतासी पुढं होती.

"न्हाई मेले," आतून आवाज आला.

"मग भायेर ये. तेल घे."

"न्हाई घ्यायची."

"अगं, आज थावर हाय."

"ठावं हाय मला. जल्मभर थावरच केलाय म्या, दुसरा वार कंचा बघितलाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी हसलं, पण ते हसू उन्हात लगेच वाळून गेलं.

आमच्या नीमोद्यात शनिवारला थावर म्हणतात. शनी महाराजाचा उपास घरोघर असतो आणि तो एकोणीस थावर चालतो. दिवसभर पाण्यावर राहायचं. वाटीत मोहरीचं तेल घ्यायचं, त्यात काळे तीळ टाकायचे आणि तेलात आपलं तोंड नीट बघायचं. मग ती वाटी धापूच्या मडक्यात रिकामी करायची. तोंड तेलात राहतं आणि तेलाबरोबर पीडा जाते. सूर्य बुडताना धापू पिंपळाखालच्या काळ्या दगडावर एक धार सोडते आणि मोठ्यानं म्हणते, "उतरली तुमची, आली माझ्या माथी." हा शब्द कानावर पडला की घरोघर उडदाच्या खिचडीची ताटं वाढली जातात. शब्दाआधी कुणी घास घेत नाही.

धापूच्या सासरचं घर पिढ्यान् पिढ्या हे तेल घेत आलेलं. नवरा तीन वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हापासून मडकं तिच्या डोक्यावर आलं. तेच तेल घरात दिव्याला आणि तेच फोडणीला. सून म्हणून आली तेव्हा धापू गोरी होती म्हणे. "आमची तोंडं खाऊन खाऊन ही काळी पडली," असं बायका हसून सांगत आणि तिच्यासमोरच सांगत. ती कुठं पाणी भरायला गेली तर रहाटापासून चार हात दूर उभी राहायची, कुणीतरी वरून तिच्या घागरीत ओतायचं.

तिला एकच मुलगी, सुगनी. सुगनीला स्थळ आलं होतं. मुलगा तालुक्याच्या गावी शिलाई मशीन चालवायचा. त्यांच्या घराण्यानंही पूर्वी तेल घेतलेलं, पण दोन पिढ्यांमागं सोडलेलं. मुलाचा काका लादूराम याची अट एकच होती: मुलीच्या आईनं फेरी सोडलेली असावी. पुढच्या रविवारी ते सुपारी घेऊन यायचे होते. म्हणून धापूनं दार लावून घेतलं होतं.

"सुगनीचं लगीन झालं की पुन्यांदा घेशील का?" पतासीनं विचारलं.

"न्हाई."

"मग आमी काय करायचं? आमची पीडा कुनी घ्यायची?"

"ज्याची त्यानं ठेवावी," धापू म्हणाली. "लई दिवस ठेवली म्या तुमची. जड असती."

त्या थावरी गाव उपाशी झोपलं. म्हाताऱ्यांनी रविवारी सूर्य उगवल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकला, पण उपास सुटला की मोडला हे कुणालाच सांगता येईना. पतासीचा तो अठरावा थावर होता. पटेलाची साडेसाती चालली होती. निवडणूक गेली होती, उंट मेला होता. अठराव्यावर येऊन मोडलं तर पुन्हा एकपासून. माझ्या बायकोचा, जडावचा, अकरावा होता. तिनं तो माझ्या डोळ्यांसाठी धरला होता.

रविवारी सकाळीच धापू माझ्या ओसरीच्या पायरीखाली येऊन बसली.

"माटसाब," ती म्हणाली, "तुमी एवढी पुस्तकं वाचता. आमीच तेल घ्यायचं असं कुटं लिवलंय का?"

माझ्याकडे तीन पंचांगं, एक व्रतांची पोथी आणि एक जुना ज्योतिषाचा ग्रंथ आहे. मी दुपारपर्यंत पानं उलटली. ती तिथंच उन्हात बसून राहिली. तेल द्यावं असं होतं, काळं दान करावं असं होतं. अमुक घरानंच ते घ्यावं असं कुठंच नव्हतं, आणि त्या शब्दाचा तर मागमूसही नव्हता.

"नाही सापडलं," मी म्हणालो.

"न्हाई लिवलेलं?"

"मी पाहिलं तेवढ्यात तरी नाही."

"मग येवढंच पंचात सांगा. जास्ती काय नगं. न्हाई लिवलेलं, येवढंच."

मी बरं म्हणालो. पस्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, पण चार मोठी माणसं समोर बसली की माझा आवाज घशातच बसतो. संध्याकाळी पिंपळाच्या पारावर पंच जमले. हरजी पटेल मध्ये बसला होता. धापू लांब, वाळूत उभी होती.

"माटसाब," पटेल म्हणाला, "ही म्हन्ती पुस्तकात न्हाई. तुमी वाचलंय. हाय का न्हाई?"

मी उठून उभा राहिलो. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"काही ग्रंथांत तसा स्पष्ट उल्लेख दिसत नाही," मी म्हणालो. "पण लोकरूढी म्हणूनही काही असतं. आणि सगळेच ग्रंथ माझ्याकडे आहेत असंही नाही."

"म्हंजे हाय का न्हाई?"

"तसं नक्की सांगता येत नाही."

"नक्की न्हाई म्हंजे हाय," पटेल म्हणाला आणि लोकांनी माना हलवल्या. "आन ह्यो कालचा थावर? धरायचा का सोडायचा?"

"धरायला हरकत नसावी," मी म्हणालो. त्याबद्दलही मला काही ठाऊक नव्हतं. खाली बसताना मी धापूकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर जडाव म्हणाली, "दोन शब्द बोलायचं हुतं तुमाला. न्हाई लिवलेलं. पोरगं बी बोललं असतं."

"मी बोललो की."

"बोललात. गाईच्या पोटात शिंगरू हाय का वासरू, तसं बोललात."

सोमवारपासून धापूचं पाणी बंद झालं. कुणी तिला नाही म्हणालं नाही. ती घागर घेऊन विहिरीपासून चार हात उभी राहायची आणि बायका आपापल्या घागरी भरून निघून जायच्या. वरून ओतणारा हात नव्हता. रहाटाला हात लावायची तिला मुभा नव्हती. मंगळवारी ती सुगनीला घेऊन दोन कोस लांबच्या तळ्यावर गेली. तळ्यात चिखल होता. फडक्यातून गाळून अर्धी घागर आणली, ती दोघींनी आणि शेळीनं पुरवून पुरवून प्यायली. बुधवारी शेळी मागचा पाय ओढत घरी आली. दगड कुणी मारला ते शेळी सांगत नाही.

त्या बुधवारीच मी दिवेलागणीला माझ्या ओसरीच्या कडेला पाण्यानं भरलेलं एक मडकं ठेवलं. सुगनी वाट ओलांडून घेऊन जाईल असं मला वाटलं. तिला हाक मारून सांगावं, हे सुचलं होतं, पण गल्लीत पटेलाचा भाऊ उभा होता. सकाळी मडकं फुटलेलं होतं आणि भोवतीची वाळू ओली होती. कुणी फोडलं हे मी विचारलं नाही.

शुक्रवारी पतासी आली. स्वतःच्या डोक्यावर पाण्याची घागर घेऊन आली. ती घागर तिनं धापूच्या उंबऱ्यापाशी टेकवली आणि तिथंच वाळूत फतकल घालून बसली.

"दार उघड, धापू. भांडायला न्हाई आले."

दार उघडलं. पाच दिवसांत धापूचे ओठ उलले होते.

"आदी पी," पतासी म्हणाली.

धापूनं घागर आत नेली. आत सुगनीच्या पिण्याचा आवाज आला. तो इतका वेळ चालला की पतासीनं मान दुसरीकडे वळवली. धापू बाहेर आली तेव्हा तिचे ओठ कोरडेच होते.

"बोला भाभी."

"उद्याचं घे. माजा एकोनिसावा हाय. येवढा सुटला की माजी पीडा गेली आन तुजी बी. परवा तुजं पावनं येनार, त्यांना पानी तरी पाजशील का न्हाई? दूध माज्या घरचं, खाटा माज्या घरच्या. गोधड्या बी धाडते."

"आन म्होरल्या थावरला?"

"म्होरल्या थावरला तुजं नाव बी कुनी घ्यायचं न्हाई. पोराच्या डोक्यावर हात ठिवून सांगते."

"पोरगं कुटाय?"

"घरी हाय. हितनंच ठेवते."

धापू हसली. फार दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

"पावन्यांना कळायचं न्हाई?"

"कोन सांगतंय? पावनं परवा. तेल उद्या. राखेनं हात धू, झालं."

धापू बराच वेळ घागरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येवढं एकच. गळ्याशी आलंय म्हनून."

थावरी सकाळी पटेलाचा निरोप आला: चौपालावर पाहुणे आलेत, माटसाबांनी येऊन बसावं, शिकलेलं माणूस सोबतीला बरं. मी गेलो. पटेलाच्या दारापुढच्या त्या बैठकीत खाटेवर तीन परके लोक बसले होते. मधला पन्नाशीचा, मनगटावर घड्याळ, पांढरं धोतर, चेहरा शांत. पटेलानं ओळख करून दिली. हा लादूराम.

"काल सांजच्यालाच उंटगाडी धाडली म्या," पटेल म्हणाला. "म्हनलं एक दिस आदी या. पोरगी द्यायची-घ्यायची म्हंजे गाव निवांत बगावं."

धापू अजून फेरीला निघाली नव्हती. मी उठून गेलो असतो तर तिच्या दारापर्यंत दोनशे पावलं होती. पण मी उठलो असतो तर पटेलानं विचारलं असतं, कुठं निघालात. आणि मला खोटं बोलायचं सुचत नाही, खरं बोलायचं धाडस होत नाही. मी बसून राहिलो. लादूराम माझ्याशी पावसाबद्दल बोलत होता. मी हो हो म्हणत होतो.

धापूनं फेरी दुपारी सुरू केली. चाळीस घरं. प्रत्येक दारात बाई वाटी घेऊन उभी, आत बघते, तोंड वेडंवाकडं करून पुन्हा बघते, मग मडक्यात उपडी करते. गेल्या थावरचंही साठलेलं होतं, म्हणून वाट्यांऐवजी तांबे होते. आमच्या घरून जडावनं दिलं. शेवटचं दार पटेलाचं. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं, तेल ओघळून तिच्या कोपरापर्यंत आलेलं. ती चौपालाच्या कोपऱ्यावर वळली आणि तिला खाट दिसली.

ती थांबली, पळाली नाही. मडकं सांडलं असतं.

"ह्या धापूबाई," पटेल म्हणाला. "तुमच्या व्हनाऱ्या इहीनबाई."

लादूराम उठला आणि दोन पावलं पुढं आला.

"हात दाखवा, बाई."

तिनं मडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले. उन्हात ते चकाकत होते, तीळ चिकटलेले.

"तुमी सांगावा धाडला हुता, सोडलं म्हनून."

"सोडलंय. आजचं शेवटचं."

"आमच्या आजीचं बी दर थावरला शेवटचंच असायचं," लादूराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तिचे हात असेच हुते. म्हनून वळखतो."

"पानी बंद केलं हुतं त्यांनी. पाच दिस. पोरगी—"

"आमचं बी केलं हुतं. दोन म्हैने. गाव सोडलं आमी." त्यानं मडक्याकडे बघितलं. "पोरगी चांगलीच असंल. पर हे आमाला पुन्यांदा घरात न्हाई आनायचं."

तो मोजड्या घालायला वाकला.

"च्या तरी घ्या," पटेल म्हणाला. "ठिवलाय."

आणि लादूरामनं चहा घेतला. उभ्याउभ्याच, बशीत ओतून, फुंकर मारत. धापू हात पुढं केलेले तसेच धरून उभी होती, कारण ते कुठं पुसावेत हे तिला कळत नव्हतं. मग उंटगाडी निघाली. भिंतीआडून दोन पोरी बघत होत्या, त्यातली एक फिसकन हसली.

पतासी दारातून बाहेर आली. हातात वाटी होती. ती वाटीत निवांत वाकून बघत राहिली, कपाळावरचं चांदीचं बोरही नीट केलं, आणि मग मडक्यात उपडी केली.

"चल," ती म्हणाली. "पिंपळाखाली चल. भूक लागलीय मला."

"भाभी," धापू म्हणाली, "पोराच्या डोक्यावर हात ठिवला हुता."

"ठिवला हुता की. म्या कुटं काय सांगितलं पावन्यांना? त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी बगितलं."

सूर्य बुडायला आला तेव्हा सगळं गाव पारापाशी होतं. दिवसभराच्या उपासानं माणसं चिडकी झालेली, पोरं रडत होती. धापू डोक्यावर मडकं घेऊन काळ्या दगडापुढं उभी राहिली. सुगनी तिच्या मागं होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बहुधा तेवढं पाणी अंगात उरलंच नव्हतं. किंवा मला दिसलं नसेल.

सूर्य बुडाला. धापू उभीच होती.

"धार सोड की," कुणी म्हणालं.

"बोल बाई, बोल. उशीर झाला."

"काय बोलू?" धापूनं विचारलं.

"शब्द बोल."

"कंचा शब्द?"

"येड पांघरू नगंस," पतासी म्हणाली. "उतरली म्हन."

धापूनं सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावरूनही. ती माझ्यावर थांबली नाही.

"तेल तुमी दिलं, म्या घेतलं," ती म्हणाली. "शब्द माजा हाय. त्यो तुमी दिल्याला न्हाई. म्या न्हाई म्हनत. उतरली न्हाई कुनाची. चाळीस घरांची चाळीस तोंडं माज्या मडक्यात हायती, आन पीडा तुमच्या तुमच्या घरी हाय."

पटेल उठला. "धरा तिला."

दोघं-तिघं पुढं झाले. धापूनं डोक्यावरचं मडकं नुसतं थोडं कलतं केलं. तेलाची एक धार तिच्या पायापाशी वाळूत पडली आणि ते तिघं असे मागं सरले की एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. ते तेल ज्याच्या अंगावर सांडेल त्याची साडेसात वर्षं गेली, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. गर्दी आपोआप फाटली. ज्यांनी तिला जन्मभर चार हात लांब ठेवलं, तेच आता तिच्या वाटेतून चार हात लांब होत होते. ती सुगनीला पुढं घालून, मडकं न हिंदकळवता, त्या वाटेनं चालत घरी गेली. कडी लागल्याचा आवाज पारापर्यंत आला.

मग एक म्हातारा म्हणाला, "आता जेवायचं का न्हाई?"

सगळे पटेलाकडे बघायला लागले आणि पटेल माझ्याकडे.

"माटसाब. शब्दाबिगर उपास सुटतो का?"

मी उभा राहिलो. मला ठाऊक होतं की पुस्तकात शब्दच नाही. सूर्य बुडाला की उपास सुटतो, तारीख-वार बघायला लागत नाही. दोन शब्दांचं काम होतं.

"नाही सुटत," मी म्हणालो.

"लिवलंय?"

"लिहिलंय."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, इतका तो मोठा आला. "घेणाऱ्यानं तेल घेऊन शब्द दिला नाही, तर धरलेले सगळे थावर बुडाले. गेल्या थावरचाही बुडाला. पहिल्यापासून मोजायचं. आणि आज रात्री अन्नाला शिवलं तर पीडा दुप्पट."

पतासी पाराच्या कडेला मटकन खाली बसली. एकोणीस थावर. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली, कुणास ठाऊक काय मोजत होती. लोक एकेक करून पांगले. रडणाऱ्या पोरांनाही कुणी काही दिलं नाही. पोरांना उपास नसतो हेसुद्धा मी सांगायला हवं होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

जडाव चुलीपाशी बसली होती. समोर दोन ताटं, पाराकडे निघण्याआधीच वाढून झाकलेली. माझं बोलणं तिनं पारावर ऐकलं होतं.

"बारा गेले म्हनायचे," ती म्हणाली.

"गेले."

"तुमच्याच डोळ्यांसाठी हुते."

"ठाऊक आहे."

"खरंच लिवलंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग चुलीतलं लाकूड बाहेर ओढून वाळूत विझवलं.

वाटेपलीकडून वास आला. आधी तापलेल्या मोहरीच्या तेलाचा, झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा. मग त्यात कणकेचा आणि गुळाचा. कढईत काहीतरी चर्रकन पडलं. गुलगुले. त्या संध्याकाळी सगळ्या नीमोद्यात तेवढी एकच चूल पेटलेली होती, आणि तो वास वाऱ्याबरोबर एकेका उपाशी घरात शिरत होता. पटेलाच्या वाड्यातलं पोर रडायचं थांबलं आणि मग आणखी जोरानं रडायला लागलं.

जडाव मान वर करून वास घेत होती. तिच्या पोटातला आवाज मला ऐकू आला.

"गूळ सोयरिकीचा हाय," ती म्हणाली. "पावन्यांसाठी आनून ठिवला हुता तिनं."

वाटेपलीकडे धापूच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता, तेवढा मला दिसला.

"आन तेल आपलं," जडाव म्हणाली, आणि तिनं ताटांवरचं झाकण हातानं आणखी घट्ट दाबलं.